कारण लिहून घ्या

आमच्या शाळेत शिवणाची खोली मागच्या बाजूला होती, विहिरीकडे तोंड करून. मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसत असे. शिक्षिकांच्या खोलीत गप्पा फार रंगत आणि त्यांत कुठून शिरावं हे मला कधीच कळलं नाही. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. इंग्रजीत निबंध लिहिता येई, तमिळमध्ये बाजारहाट करता येई, मराठीत घरच्यांना उत्तर देता येई. गप्पांना लागतं ते यांतल्या कुठल्याच भाषेत माझ्याजवळ नव्हतं. शिवणाच्या टीचरही गप्पा मारत नसत. त्या काजं करत बसत, मी वह्या तपासत बसे. वर्षभरात आम्ही एकमेकींशी जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

त्या माझ्याहून थोड्या मोठ्या. मूळ गाव तिरुनागेश्वरम्‌च्या पलीकडे, आणि त्या गावातही गावाबाहेर. देवळाचा रथ जिकडे वळत नाही त्या वस्तीतल्या. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्या ते ठाऊक नसल्यासारखं दाखवत. त्यांचा पाण्याचा पेला मात्र वेगळ्या फळीवर असे.

कुंभकोणम्‌ला भांड्यांच्या बाजारामागे एका गल्लीत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालक मद्रासला असे; त्याने जात विचारली नाही. गल्लीने थोडी उशिरा विचारली.

एका सकाळी त्या डोक्यावरून पदर घेऊन शाळेत आल्या. आमच्या मुलखात बायका डोक्यावर पदर घेत नाहीत, त्यामुळे फाटकापासूनच सगळ्या बघू लागल्या. मधल्या सुट्टीत मी शिवणाच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि पदर खाली केला. वेणी नव्हती. मानेपाशी केस वेडेवाकडे कापलेले होते, एका बाजूला पार कानाच्या वर. कानामागे चीर होती, त्यावर हळद भरलेली.

"माझ्याच कात्रीने," त्या म्हणाल्या.

मग बसून त्यांनी सगळं सांगितलं. मुलींना टाके समजावून देताना बोलत त्याच आवाजात. आदल्या संध्याकाळी शाळेतून परतताना गल्लीच्या तोंडाशी तीन तरुण उभे होते. तिघंही त्याच गल्लीतले, रोज दिसणारे. दोघांनी हात धरले. तिसऱ्याने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, कात्री सापडली तेव्हा तो हसला. केस कापता कापता ते बोलत होते. तुमच्यासारख्यांनी या गल्लीत राहायचं नाही, वेणीत फुलं माळून आमच्या दारांवरून जायचं नाही, हे त्यांतलं सांगण्यासारखं. मग गटारातला चिखल तोंडाला फासून ते निघून गेले. समोरच्या ओट्यावर गजरे ओवत बसणाऱ्या म्हातारीने हे पहिल्यापासून पाहिलं. तिनेच टीचरना आत घेतलं, तोंड धुतलं, हळद भरली.

बाहेर विहिरीवर कोणी पोहरा सोडत होतं, त्याचा रहाट करकरत होता. टीचर त्या आवाजाला दचकल्या आणि दचकल्याचं मला दिसलं म्हणून त्यांनी मान वळवली.

"तुमचे वडील वकील आहेत ना?"

"आहेत. पण जमिनीचे दावे चालवतात."

"चालेल. ठाण्यात माझ्या शेजारी बसायला कोणीतरी पाहिजे. बोलेन मीच."

दोन ठिकाणी त्यांनी आधी विचारून पाहिलं होतं. पहाटे भाऊ सायकलवरून आला होता. तो म्हणाला, घरी चल. तू ठाण्यात गेलीस तर ते तुझ्या गल्लीत काही करणार नाहीत, आमच्या वस्तीत येतील. आम्ही ज्यांच्या शेतात राबतो ते त्यांचे सोयरे आहेत. शाळेच्या मोठ्या बाईंनी खुर्चीवर बसवून कॉफी मागवली आणि सांगितलं, केस वाढेपर्यंत रजा घ्या, मुली घाबरतील. टीचर म्हणाल्या, "मी म्हटलं, बाई, बटण लावायला केस लागत नाहीत."

आणि त्या थोडंसं हसल्या. ते हसू मला त्या कापलेल्या केसांपेक्षा जास्त भेसूर वाटलं.

घरी मी हे जेवताना सांगितलं. पुढचं लिहिण्याआधी आमच्या बोलण्याविषयी सांगायला हवं. मी हे छापील मराठीत लिहिते आहे. ती मी सोलापूरच्या मावशीकडून येणाऱ्या मासिकांतून शिकले. तंजावरच्या दरबाराबरोबर आमचे पूर्वज इकडे आले ते इकडचेच झाले, आणि येताना आणलेली भाषा आम्ही बोलत राहिलो. मावशीकडची माणसं ती ऐकून हसतात, पोथीतून कोणी बोलतंय म्हणतात. घरचं बोलणं मी होतं तसंच ठेवते.

"तुला कोणी सांगितलें मध्यें पडायला?" आई म्हणाली. "उद्यां स्थळाकडचे लोक विचारायला येतील, मुलगी काय करत्ये म्हणून. ठाण्यांत जात्ये म्हणूं?"

"म्हण की," अप्पा म्हणाले. "भिऊन तरी मागण्या कमी करतील."

"थट्टा नको. तुम्हीं बांध-वाटणीचे वकील. हें तुमचें काम नव्हे."

"दिल्लीनें नवा कायदा केला आहे गे. अस्पृश्यता पाळली, त्यावरून कोणाला छळलें, तर गुन्हा. आमच्या बाररूममध्यें पुस्तक येऊन पडलें आहे, कोणी उघडलें नाहीं. पानें कापलेलीं सुद्धां नाहींत."

"म्हणजे पानें कापायला जाणार तुम्हीं."

"तसें समज."

आईने त्यांच्या पानात ताक वाढलं, नेहमीपेक्षा वरून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीनें जेवलें का कांहीं, तें विचारलेंस?"

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. सब-इन्स्पेक्टर तरुण होते. केस चापून बसवलेले, समोर पितळी पेल्यात कॉफी. बाजूच्या टेबलावर एक वयस्कर शिपाई लिहायला बसला होता, जाड मिशीचा, खाली मान घातलेला. बाकावर आणखी तिघे-चौघे शिपाई.

"या वकीलसार, बसा. टीचर उभ्या राहतील."

"त्या बसतील," अप्पा म्हणाले. "मी उभा राहतो. कोर्टात सवय आहे."

सब-इन्स्पेक्टरांनी कोणाला तरी खूण केली, दोन स्टुलं आली.

"बोला टीचर. काय गेलं?"

"वेणी."

"ते दिसतंय. पैसा, दागिना?"

"काही नाही. पाकीट पिशवीतच राहिलं."

"मग काहीच गेलं नाही." बाकावर कोणीतरी खिदळलं. "लिही रे. संध्याकाळच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी तीन तरुणांशी झटापट..."

"झटापटीला दोन्ही बाजू लागतात, सार. मी नुसती उभी होते."

"बरं. त्रास दिला, असं लिही."

"आणि कारण?"

"कारण त्यांना विचारावं लागेल."

"त्यांनी सांगितलं ना. केस कापता कापता सांगितलं. तेवढं लिहून घ्या. बाकी नाही लिहिलंत तरी चालेल."

सब-इन्स्पेक्टरांनी कॉफीचा घोट घेतला. "टीचर, शिव्या कुठे नसतात? बाजारात असतात, बसमध्ये असतात, माझ्या सासुरवाडीला तर जेवणाबरोबर वाढतात. शिव्या लिहायला बसलो तर ठाण्याला कागद पुरायचा नाही."

पुन्हा सगळे हसले. टीचर थांबल्या, हसू संपेपर्यंत. "चोर असते तर पाकीट नेलं असतं. मवाली असते तर दुसरं काही केलं असतं. ते त्यासाठी आले नव्हते. कशासाठी आले होते ते लिहून घ्या."

अप्पांनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. पानं त्यांनी सकाळीच सुरीने कापली होती. सब-इन्स्पेक्टर वाचू लागले, त्यांना वेळ लागला. मग त्यांनी लिहिणाऱ्या शिपायाला मान हलवून खूण केली.

"सांगा. जसंच्या तसं."

टीचरनी सांगितलं. हळूहळू, लिहिणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून शब्दाशब्दाला थांबत. एक शब्द त्यांना दोनदा सांगावा लागला. खिदळणारा आता भिंतीकडे बघत होता. ते शब्द मी इथे देत नाही. ते त्यांचे आहेत. जिथे लिहिले जायला हवे होते तिथे त्यांनी ते लिहवून घेतले. मी मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि माझी वेणी पाठीवर आहे याची मला सारखी जाणीव होत होती, जशी एरवी कधी होत नाही.

"साक्षीदार?"

म्हातारीचं नाव आज सांगायचं नाही, असं वाटेतच ठरलं होतं. तिने टीचरना शब्द दिला होता, कोर्टात येईन म्हणून. पण तोवर गल्लीत तिला एकटीला राहायचं होतं. अप्पा तमिळमध्ये म्हणाले, "सध्या नाही." आणि मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले.

हे आमच्या घरात सगळेच करतात. दारात दूधवाला असो, ओसरीवर अशील असो, जे लपवायचं ते त्याच्या देखत मराठीत बोलायचं. आमच्या घरात कुजबुज कोणाला येतच नाही, तिची गरजच पडलेली नाही. मोठ्याने, उघड, समोरच्याकडे बघून हसत आम्ही आपल्या भाषेत त्याच्याविषयी बोलतो. आई तर भाजीवालीचा भाव पाडताना मधूनच मला सांगते, देऊं या गे, वाजवी आहे.

अप्पा म्हणाले, "ती ओट्यावरची फुलवाली म्हातारी आहे ना, तिनें तिघांचीं तोंडें पाहिलीं, शब्द ऐकले. तिचें नांव आतां काढायचें नाहीं. एकदम कोर्टांत उभी करूं. तोंवर कोणाला कळतां नये."

मी मान हलवली. शिपाई लिहीत होता. त्याचा टाक थांबला नाही.

फिर्याद वाचून दाखवली गेली, टीचरनी सही केली. आम्ही निघालो. ठाण्याच्या दाराला दोन-तीन दगडी पायऱ्या होत्या. अप्पा पहिलीवर पाय ठेवणार इतक्यात मागून आवाज आला. लिहिणारा शिपाई उठून दारापर्यंत आला होता.

"खालची पायरी मोडली आहे," तो म्हणाला. "सांभाळून उतरा."

मराठीत. आमच्याच मराठीत; थोडी रांगडी, पण आमचीच.

अप्पा उतरले. मी उतरले. पायरी खरोखरच मोडलेली होती. रस्त्यावर आल्यावर टीचरनी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"पायरी मोडली आहे म्हणाला," अप्पांनी तमिळमध्ये सांगितलं.

त्यांनी खोटं सांगितलं नाही. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आईला मात्र त्यांनी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "राजाच्या घोडेस्वारांपैकीं असेल कोणी," ती म्हणाली. "त्यांचीं काय थोडीं घरें आहेत? कोणी बसवर आहे, कोणी पोलिसांत."

"तुला ठाऊक होतें?"

"ठाऊक कसें नसेल? तुम्हांलाही ठाऊक आहे."

होतंच. आमच्याबरोबर स्वार आले होते, मुदपाकातली माणसं आली होती, पागेवरची, पालखीवरची. त्यांचीही मुलंनातवंडं याच भाषेत रडली, जेवली, भांडली. पण आमच्यात मराठी म्हणून मोजायची ती आमची ओळखीची घरं. हळदीकुंकवाला येणारी, श्राद्धाला बोलवायची. बाकीच्यांना आम्ही कधी मोजलं नव्हतं. त्यामुळे ते ऐकत असतील, हेही आमच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात परक्या माणसासमोर कोणी मराठी बोलेनासं झालं. आणि दुसरी काही सवय नसल्यामुळे, कोणी आलं की घर गप्प होऊन जाई.

दोनच दिवसांनी टीचर मला म्हणाल्या, "ओटा रिकामा आहे. चटई गुंडाळलेली. म्हातारी लेकीकडे गेली म्हणतात, तिरुक्करुगावूरला."

शनिवारी आम्ही दोघी बसने गेलो. तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखणारी, त्यामुळे बसमध्ये सगळ्या पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. एकीने टीचरच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहून विचारलं, "केस देऊन नवस फेडलास का गं? मूल झालं?" टीचर म्हणाल्या, "अजून व्हायचंय." त्या बाईने त्यांच्या हातात केळं ठेवलं आणि देवी देईल म्हणाली.

म्हातारी लेकीच्या घराच्या मागच्या दारी बसून कळ्या ओवत होती. आम्हाला बघून तिचे हात चालूच राहिले.

"लेकीचे दिवस भरलेत," ती म्हणाली, आम्ही विचारायच्या आधीच. लेक आतून बाहेर आली, पाण्याची घागर कमरेवर घेऊन. तिचं पोट नुसतं दिसू लागलं होतं.

"पाट्टी," आजीला मारावी तशी हाक मारून टीचर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, "तुम्ही येईन म्हणाला होता."

"मला मोतीबिंदू आहे गं. कोण होतं, मला काय दिसणार?"

"तुम्ही मला हाक मारून आत घेतलंत. तोंड धुतलंत."

"धुतलं. कोणाचंही धुतलं असतं. मळवलं कोणी ते मी बघितलं नाही."

"आणि कानांना काय झालं? कानांतही मोतीबिंदू?"

म्हातारी हसली. खरंच हसली, दात नसलेलं तोंड उघडून. आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला तिने फुलं खाली ठेवली. "एक माणूस आला होता," ती म्हणाली. "ओट्याला सायकल टेकवली. गजरा घेतला. म्हणाला, पाट्टी, लेकीकडे जायचे दिवस आले ना? उद्याच निघा. चांगलं बोलला, वाईट काही बोलला नाही. पण मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि मला लेक आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

"पोलिसाचे कपडे होते?"

"मोतीबिंदू आहे म्हटलं ना."

तिने दोघींना एकेक हात गजरा कापून दिला. टीचरनी तो हातात घेतला. माळायला वेणी नव्हती. परतीच्या बसमध्ये तो त्यांच्या मांडीवर होता. बराच वेळ खिडकीबाहेर केळीच्या बागा बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हातारीचं नाव तिघांनाच ठाऊक होतं. मला, तुम्हाला आणि सारना."

मी त्यांना सांगितलं. ठाण्यात अप्पा माझ्याशी काय बोलले, आणि पायरीवर शिपाई कुठल्या भाषेत बोलला.

त्या बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "म्हणजे माझ्याविषयी बोलणं चाललं होतं," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या शेजारी बसून. आणि तिथे ते कळत नव्हतं अशी मी एकटीच होते."

त्यांनी मांडीवरचा गजरा उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "सारना सांगा, यापुढे माझ्यासमोर तमिळमध्ये बोला. भाजीवालीशी बोलता तेवढी तर येते ना?"

घरी येऊन मी ते अप्पांना तसंच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सोमवारी ते स्वतः शाळेत आले, शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि टीचरना तमिळमध्ये म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. आता पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी करीन."

ठरवायचं होतंच. सब-इन्स्पेक्टरांनी निरोप धाडला होता. साक्षीदार नाही, त्या शब्दांना पुरावा नाही. ते तेवढे शब्द बाजूला ठेवा. केस कापले, जखम झाली, डॉक्टरचा दाखला आहे, कात्री मिळाली आहे, मुलंही कबूल होतील, दंड भरतील. शब्द ठेवलेत तर वकील देतील आणि सगळंच सुटेल.

"त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "शब्द सोडले तर शिक्षा होईल. छोटी, पण होईल."

"कशाची शिक्षा होईल, सार?"

"इजा केल्याची."

"मग उद्या गल्लीत विचारतील, का केली? आणि उत्तर येईल, झटापट झाली, टीचरही काही कमी नाहीत." त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "दंड भरून ते मोकळे. कारण तेवढं माझ्या घरात राहणार. नको. शब्द राहू द्या."

"हराल."

"सार, मी जिंकेन असं मला कोणी म्हटलं होतं का?"

अप्पांनी मान हलवली. पुढे ते तारखेला हजर राहत, स्वतःचे जमिनीचे दावे बाजूला ठेवून. बाररूममध्ये त्यांना शिवणाचे वकील म्हणू लागले. एकाने विचारलं, फाटलेलं धोतर आणू का? अप्पा म्हणाले, आणा, आतलं सगळं दिसतंय तुमचं.

खटला उभा राहिला तेव्हा उन्हाळा होता. दंडाधिकाऱ्यांच्या खोलीत पंखा फिरत होता तरी कागद चिकटत होते. तिघे तरुण इस्त्रीचे शर्ट घालून उभे होते. जवळून ते अगदी साधे दिसत होते. एकाच्या मनगटावर देवळातला लाल दोरा होता, एक सारखा जांभया देत होता. टीचरच्या बाजूच्या बाकावर मी होते. भाऊ दारापर्यंत आला, आत आला नाही. पण गेलाही नाही. लिहिणारा शिपाई कागद घेऊन भिंतीशी उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

कारकुनाने फिर्याद वाचली. रोज असलेच कागद वाचणारा माणूस. आवाजाला चढउतार नाही. नाव, गाव, वार, गल्ली. मग ते शब्द आले. त्याच आवाजात त्याने ते वाचले, एकही न गाळता. ठाण्यात टीचरच्या तोंडून ऐकले तेव्हा ते सांगितलेले शब्द होते. इथे एका परक्या, शांत पुरुषी आवाजात ते पहिल्यांदा जसे उच्चारले गेले असतील तसे उभे राहिले. जांभया देणारा खाली बघू लागला. लाल दोऱ्यावाल्याचे कान तांबडे झालेले मला दिसले. वाचून झाल्यावर कारकून थांबला, त्याने ओठ पुसले आणि शिपायाकडे पाणी मागितलं.

"साक्षीदार?" दंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

नव्हता. तिघेही सुटले.

त्या निकालाचं मला आश्चर्य वाटलं नाही. जे वाटलं ते निराळं होतं, आणि अजून वाटतं. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. दुपारी वर्गात कोणी पुठ्ठा कापू लागलं तरी माझा हात मानेवर जातो. वेणी मी पाठीवर सोडत नाही, वर बांधून टाकते. आईने का म्हणून विचारलं नाही. बाजारात तो शिपाई सायकलवरून जाताना दिसतो. मला पाहून तो किंचित मान लववतो, ओळखीच्या घरच्या मुलीला लववावी तशी. ओट्याला सायकल टेकवणारा तोच होता का, आणि असला तर तो म्हातारीला भिववायला गेला होता की वाचवायला, हे मी त्याला विचारू शकते. भाषाही आमच्यात एक आहे. मी विचारलेलं नाही. अप्पांनीही नाही.

टीचरनी गल्ली सोडली नाही. निकालाच्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर चालू लागले. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीही विचारलं नाही. पुढे ते रोजचंच झालं. भांड्यांच्या बाजारातून जाताना दोन्ही बाजूंना ठोकाठोक चाललेली असते, तिथे बोलणं शक्यही नसतं. गल्लीचं तोंड आलं की मला वाटे, आता पावलं भराभर टाकावीत, इथून लवकर पार व्हावं. पण टीचर तिथे येताच सावकाश होतात. ओट्यांवर माणसं बसलेली असतात, ती बोलणं थांबवतात. कोणी काही म्हणत नाही. डोक्यावर पदर नाही, केस खांद्याखाली आलेले, आणि त्या प्रत्येक दारावरून अशा जातात, जणू प्रत्येक दारात कोणीतरी त्यांना काही विचारलं आहे आणि त्या उत्तर द्यायला थांबल्या आहेत.

सुरुवातीला मी पुढे निघून जाई आणि वळून बघे. आता मलाही तसं चालता येतं.